मुद्दाम केलेली चूक

शिर्वा, १० सप्टेंबर २०२२

प्रेसिला,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच नाव लिहिते आहे.

परवा मोंतीचा सण झाला. चर्चमधून नव्या भाताच्या आशीर्वादलेल्या लोंब्या आणल्या, दाणे सोलले, कुटले, नारळाच्या रसात घातले आणि घरातल्या सगळ्यांनी एकेक घोट घेतला. टेबलावर तुझं आणि जावयाचं, लान्सीचं, ताट तसंच राहिलं. शेजारच्या ग्रेटाच्या फोनवर तुझा निरोप आला, "शूटिंग आहे, जमणार नाही." ग्रेटाने तो मला मोठ्याने वाचून दाखवला, आणि वाचताना तिला मजा वाटत होती.

जे परदेशी आहेत त्यांना आपण दाणे पाकिटातून पाठवतो. मस्कतला डेनिसला पाठवले, टोरंटोला पाठवले. तुला पाठवत नाही. दाणे येऊ न शकणाऱ्यांसाठी असतात. तू मंगळूरला आहेस, बसने दोन तासांवर. तू येऊ शकत होतीस, पण कॅमेऱ्यासमोर उभी होतीस.

सगळं कानावर आलंय माझ्या. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या पाचही शाळांत आता गणिताला एकच बाई, आणि ती म्हणजे तू. तुझे धडे बंगळूरची कंपनी चित्रित करते आणि वर्गावर्गात मोठ्या पडद्यावर लावते. फळे उतरवले म्हणे. तीस वर्षं मी ज्या फळ्यासमोर उभी राहिले तो आता कुठे आहे, हे विचारायची हिंमत होत नाही.

एकच विचारते. तू आठवीत असताना मी फळ्यावर मुद्दाम चुकीची पायरी लिहिली होती आणि बाजूला होऊन उभी राहिले होते, आठवतं? पन्नास पोरी उतरवून घेत होत्या. तुझा हात वर गेला. मी खडू तुझ्या हातात दिला आणि तू न बोलता चूक सुधारलीस. न बोलता, कारण तोच माझा नियम होता, की सुधारणारीने मिरवायचं नाही. त्या दिवशी मी तुझ्या आईला, माझ्या बहिणीला, म्हणाले होते, "ही टीचर होणार."

तुझा पडदा बघेल का गं कुणाचा वर गेलेला हात?

बेनेडिक्टा मावशी


मंगळूर, २१ सप्टेंबर २०२२

आदरणीय टीचर,

हाताने लिहिते आहे, कारण छापील पत्र तुम्ही न वाचता परत पाठवता, हे मला ठाऊक आहे.

दाणे पाठवले नाहीत त्याबद्दल आभार. नाहीतर ते गळ्यात अडकले असते.

आता माझं ऐका. सिस्टरांची घाटावरची शाळा तुम्ही कधी पाहिली आहे का? तिथे दोन वर्षं गणिताला टीचर नव्हती. पीटीचे सर बीजगणित शिकवत होते. म्हणजे पुस्तक उघडा म्हणायचे आणि बाहेर जाऊन सिगरेट ओढायचे. दहावीच्या अर्ध्या मुली नापास झाल्या. परवा तिथल्या एका मुलीने मला चिठ्ठी पाठवली, "मिस, कंस म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं." तुमच्या फळ्याने तिच्यासाठी काय केलं होतं? घाट चढून तो काही जात नाही.

तुम्ही शाळा सोडून अकरा वर्षं झाली. आम्ही अजून शाळेत आहोत. तुम्ही कॅलक्युलेटरला नाक मुरडलंत, झेरॉक्सला मुरडलंत, बॉलपेनलासुद्धा. पोरी तुम्हाला घाबरायच्या, त्याला तुम्ही शिस्त समजायचात. माझ्या धड्यात मुली हसतात. हवं तेव्हा मागे जाऊन पुन्हा बघतात. तुम्हाला "पुन्हा सांगा" म्हणायची कुणाची छाती होती?

आणि नोकरीबद्दल म्हणाल, तर मी कंत्राटावर आहे. लान्सी गल्फमधून पाठीचं दुखणं घेऊन परत आल्यापासून घरात बसून आहे. हे काम नीट झालं तर पाचही शाळा बघणाऱ्या सिस्टर इव्हान्जेलिन मला कायम करणार आहेत. मी हौस म्हणून कॅमेऱ्यासमोर उभी नाही.

प्रेसिला क्रास्ता


शिर्वा, ९ ऑक्टोबर २०२२

प्रेसिला,

'तुम्ही' म्हणायला लागलीस! वा. माझ्या मांडीवर शेंबूड पुसलास तेव्हा 'तू' होते, आता 'आदरणीय टीचर' झाले. चालेल. मग टीचर म्हणूनच लिहिते.

घाटावरच्या पोरीची चिठ्ठी वाचून मला आनंद झाला. खोटं नाही बोलत. पण तिथे गणिताला टीचर नव्हती, याचा अर्थ तिथे टीचर पाठवायला हवी होती. सिस्टरांनी काय केलं? जिथे नव्हती तिथे पाठवली नाहीच, उलट जिथे होत्या तिथल्याही काढल्या. हे तू मला लिहिलं नाहीस.

काल मिस्साची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर हिल्डा टीचर भेटली. माहेरी आली होती. "दसऱ्याच्या सुट्टीनंतर यायला नको म्हणालेत मला," म्हणाली. बावीस वर्षं तिने सातवीला गणित शिकवलं. जूनपासून तिला काय काम दिलं होतं ठाऊक आहे? पडदा चालू करायचा आणि मुलींनी दंगा करू नये म्हणून कोपऱ्यात खुर्चीवर बसायचं. मधे बोलायचं नाही, पडदा थांबवायचा नाही. कारण कंपनी मिनिटं मोजते. म्हणाली, "बेनी टीचर, मी तिथे झोपायला लागले होते." मग रडली. मी तिला रुमालही दिला नाही, इतका मला राग आला होता. तिच्यावर नाही, तुझ्यावर.

तुला हे माहीत होतं. तिची खुर्ची तुझ्या स्टाफरूममध्ये तुझ्या शेजारी होती.

आता नीट वाच. वर्षभराचे सगळे धडे एकदा त्यांच्या डबड्यात भरले, की त्यांना तू कशाला हवीस? हिल्डाला तू नकोशी केलंस. तुला नकोशी करायला दुसरं कुणी यायची गरज नाही, तूच पुरेशी आहेस.

बेनेडिक्टा सल्ढाणा


मंगळूर, २ डिसेंबर २०२२

टीचर,

सगळे धडे पूर्ण झाले. कंपनी खूश आहे.

नाताळला येणार नाही. कुस्वारचा फराळ पाठवू नका, आम्ही दोघंच आहोत, खाल्लं जात नाही.

प्रेसिला


शिर्वा, २८ डिसेंबर २०२२

प्रेसिला,

पाठवू नका म्हणालीस म्हणूनच पाठवलं. नेवऱ्या, किडियो, गुळियो. नेवऱ्यांत या वर्षी तीळ जास्त झालेत, ते माझ्या रागामुळे.

तीन ओळींचं पत्र. माझ्या शाळेत तीन ओळींचा निबंध लिहिणारीला मी बाकावर उभी करायची. मोठी बाई झालीस, पाच शाळांची! आता पत्रं लिहायलाही कुणी ठेवलंय का?

मावशी


मंगळूर, ११ फेब्रुवारी २०२३

मावशी,

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्याकडे काम उरलंच नव्हतं. मी मोठी बाई झाले नव्हते. धडे संपले त्याच आठवड्यात मला सांगण्यात आलं होतं, की मार्चनंतर 'बघू'. तू ऑक्टोबरमध्ये लिहिलेला शब्दन् शब्द खरा ठरला होता, आणि ते तुला कळवण्यापेक्षा मी जीभ चावून घेतली असती.

आता त्याहून वाईट झालंय. माझी बोलायची सोय राहिलेली नाही, म्हणून लिहिते.

जानेवारीत पाचही शाळांची एकच सराव परीक्षा झाली. त्यात एक प्रश्न होता, दहा वजा, कंसात एक्स वजा तीन. कंस सोडवला की दहा वजा एक्स अधिक तीन. कंसाबाहेर वजा असला की आतलं चिन्ह फिरतं. ते तर तू मला भाकरीसारखं भरवलंय. बाकीच्या चार शाळांत जवळजवळ सगळ्या मुलींनी शेवटी 'वजा तीन' लिहिलं. आपल्या शाळेत मात्र जवळजवळ सगळ्यांनी 'अधिक तीन'.

माझा धडा काढून बघितला. पडद्यावर मी स्वतः, ठळक अक्षरांत, 'वजा तीन' लिहिते. आणि पुढच्याच क्षणी फळा कोरा, दुसरं गणित चालू.

सिस्टर इव्हान्जेलिन म्हणतात, मी मुद्दाम केलं. पडद्यावर चुकीचं शिकवलं आणि स्वतःच्या शाळेतल्या मुलींना व्हरांड्यात गाठून बरोबर उत्तर सांगितलं, म्हणजे आपली शाळा पहिली यावी आणि मला ठेवून घ्यावं लागावं. बिशपांपर्यंत गेलंय. लेखी खुलासा मागितलाय. खुलासा पटला नाही तर काढून टाकणार, आणि नोकरीच्या दाखल्यावर कारण लिहिणार. मग मला मंगळुरात कुठलीही शाळा दारात उभी करणार नाही.

मावशी, मी ते मुद्दामच केलं. तेच तर सांगता येत नाही.

तिथे मला खरा फळा दिला होता, टीव्हीवर छान दिसतो म्हणून. समोर रिकाम्या खुर्च्या. हातात खडू आला आणि हाताने सवयीने चुकीची पायरी लिहिली. मी बाजूला झाले आणि थांबले. कुणाचा हात वर जाईल म्हणून. किती वेळ थांबले कोण जाणे. मग भानावर आले, स्वतःशीच हसले, आणि तुझ्या नियमाप्रमाणे न बोलता चूक सुधारली. ते सगळं धड्यातून गायब आहे. का ते मला कळत नाही.

आपल्या मुलींना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांना सांगायची गरजच नव्हती. त्या माझ्या हाताखाली दोन वर्षं शिकल्यात, ती चूक दिसली की त्यांना कळतं. पडद्याकडे बघून सगळ्यांनी हात वर केले म्हणे, आणि मग कुणी खडू देत नाही म्हणून हसल्या.

खुलाशात हे लिहिलं तर कोण विश्वास ठेवेल?

प्रेसी


शिर्वा, २० फेब्रुवारी २०२३

प्रेसी,

पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मंगळूरला येऊन गेले. तुझ्या घरी आले नाही. तुझ्यावरचा राग संपलेला नाही, आणि मला दोन ठिकाणी भांडायचं नव्हतं. एकाच ठिकाणी नीट भांडायचं होतं.

इव्हान्जेलिन ऑफिसात होती. कंपनीचा एक तरुणही होता, मांडीवर लॅपटॉप घेऊन. ती उठून म्हणाली, "बेनेडिक्टा टीचर! किती वर्षांनी! चहा घेणार?"

"चहा नको. प्रेसिलाचा तो धडा दाखव. तुमच्या कात्रीच्या आधीचा."

"टीचर, तो आता चौकशीचा विषय आहे."

"मग चौकशी करायलाच आलेय. तू नववीत असताना मीसुद्धा फळ्यावर चुकीची पायरी लिहायची. आठवतं का? का तेव्हाही खाली मान घालून उतरवून घेत होतीस?"

बिचारी लाल झाली. उतरवूनच घ्यायची ती. सिस्टर झाली म्हणून मी विसरले नाही.

तो पोरगा म्हणाला, "मॅडम, मूळ रेकॉर्डिंग बंगळूरला आहे. आणि त्यात काही नाहीये. आवाज नसला की आमचं सॉफ्टवेअर तेवढा भाग आपोआप कापतं. मुलांना कंटाळा येतो ना."

"काय कापतं?"

"शांतता. म्हणजे रिकामा वेळ."

"बाळ," मी म्हणाले, "माझी सगळी नोकरी त्या रिकाम्या वेळात गेली. आण ते."

"मॅडम, परवानगी..."

"बिशपांना लिहू? माझं अक्षर त्यांना वाचता येतं. त्यांच्या आईला मी शिकवलंय."

त्यांच्या आईला मी शिकवलेलं नाही. शनिवारी कन्फेशनमध्ये सांगेन.

अर्ध्या तासात ते बंगळूरहून आलं. हवेतून. मला हे मान्य करायला जड जातंय, पण ते आलं, जसंच्या तसं. कुणी 'आठवत नाही' म्हणालं नाही, कुणी शब्द फिरवला नाही. मेलं यंत्र, पण साक्ष खरी दिली त्याने.

मी तुला बघितलं. चूक लिहिलीस, दोन पावलं मागे झालीस, खडू बोटांत धरून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत उभी राहिलीस. इव्हान्जेलिन कंटाळून म्हणाली, "पुढे घ्या." मी म्हणाले, "अजिबात नाही. तिला थांबू दे." आम्ही तिघंही तुझ्याबरोबर थांबलो. मग तू हसलीस. आणि पाठ करून, न बोलता, 'वजा'ला उभी रेघ मारून 'अधिक' केलंस.

मी पर्स उचलली आणि म्हणाले, "चार शाळांच्या पोरींना चुकीचं कुणी शिकवलं ते कळलं ना? आता त्याच्याकडून लेखी खुलासा मागा." आणि त्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

दाराशी इव्हान्जेलिन हळूच म्हणाली, "टीचर, विचार करू." मी म्हणाले, "तू विचार केलास तर मला नवल वाटेल."

तुझ्या दाखल्यावर काहीही लिहिलं जाणार नाही, एवढं तिच्याकडून वदवून घेतलंय. नोकरीचं मला माहीत नाही.

आणि ऐक. त्या उभ्या राहण्यात तू माझ्यापेक्षा जास्त थांबलीस. मी इतकं थांबायची नाही. मला राग यायचा. हे पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा पत्र जपून ठेव.

मावशी


मंगळूर, १८ ऑगस्ट २०२३

मावशी,

उशीर झाला. आधी मला राग आला होता, की माझ्या दारावरून गेलीस आणि आत आली नाहीस. लान्सी म्हणाला, "तुझ्या मावशीला माया दाखवायची झाली तरी आधी कुणाला तरी मारावं लागतं." मग आम्ही दोघं हसलो आणि राग गेला.

मला ठेवलंय. कायम नाही, आणखी एक वर्ष. पण मी एक अट घातली आणि सिस्टर इव्हान्जेलिननी ती मानली, कदाचित तू पुन्हा येशील या भीतीने. वर्गात जी बाई बसेल तिला पडदा थांबवायची मुभा. कंपनीने मिनिटं मोजायची असतील तर मोजावी. हिल्डा मात्र परत आली नाही. मी तिच्या घरी गेले होते. तिने दार उघडलं, पण बस म्हणाली नाही. ते मला मिळायलाच हवं होतं.

आपला जुना फळा सापडला. कॉन्व्हेंटच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार केलं होतं त्याचं. तू चिडशील. धुऊन घेतला. एका कोपऱ्याला अजून वास येतो.

जूनमध्ये मी आठवीला तोच धडा लावला, कापलेला, चुकीचा. कंपनीने तो काढून टाकला होता, मी मागून घेतला. पडद्यावरची प्रेसिला 'वजा तीन' लिहिते आणि मी तिथेच बटण दाबते. ती तोंड उघडं ठेवून थिजून उभी. मी काही बोलत नाही. या मुली नव्या आहेत, त्यांना माझी सवय माहीत नाही. एकमेकींकडे बघायला लागल्या. एक कुजबुजली, "मिस अडकल्या." मग मागच्या बाकावरचा एक हात वर आला, अर्धा, खाली गेला, पुन्हा वर आला. मी तिला खडू दिला. तिने शेजारच्या फळ्यावर बरोबर पायरी लिहिली, मग पडद्यावरच्या माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "सॉरी मिस." तिचं ते बोलणं मी चालवून घेतलं. तुझा नियम मोडला.

घाटावरच्या शाळेतही महिन्यातून एकदा जाते आणि हेच करते. पूर्वी मला वाटायचं पडदा सगळं शिकवेल. मग वाटलं, फोडून टाकावा. आता वाटतं, त्याच्याजवळ कुणीतरी उभं हवं, एवढंच. तुला हे पटणार नाही, म्हणून वाद घालत नाही.

डेनिसने तुला मस्कतहून पाठवलेला फोन कपाटात डांबराच्या गोळ्यांत ठेवलायस, ते ग्रेटाने सांगितलं. धडा तिच्या फोनवर पाठवलाय, तुझ्यात घालून देईल. आठव्या इयत्तेचा, तोच कापलेला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदा बघ. मग हवं ते बोल.

सणाला येणार होते, पण त्याच दिवशी घाटावर वर्ग आहे आणि मुली महिनाभर वाट बघतात. यावेळी खरंच येऊ शकत नाही.

तुझी,
प्रेसी


शिर्वा, ९ सप्टेंबर २०२३

प्रेसी,

काल तुझं ताट पुन्हा रिकामं राहिलं. लान्सी एकटाच आला. तुझा घोटही त्याने घेतला, आणि वर वाटी चाटली.

कोंबड्यांच्या खुराड्याबद्दल मी इव्हान्जेलिनला वेगळं पत्र लिहिलंय. चार पानी.

फोन बाहेर काढला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, त्यामुळे धडा बघायला तो कानाला लावावा लागत नाही याचं मला समाधान आहे. ग्रेटाने धडा घालून दिला आणि शेजारी बसून बघायला लागली. तिला चहा करायला पाठवली आणि दार लावून घेतलं.

आता ऐक. साडीचा रंग फळ्याला मारतो. तू 'म्हणजे' हा शब्द फार वापरतेस. उभी राहताना एका पायावर भार देतेस. सहावीत होतीस तेव्हापासून सांगतेय. पडदा हे माझ्या मते अजूनही एक डबडं आहे, त्याच्याजवळ कुणी उभं असो वा नसो, आणि मरेपर्यंत मी असंच म्हणणार.

पण पूर्ण बघितला. तुझी ती चूक आली, आणि गेली, कारण इथे बटण दाबायला कुणी नव्हतं. मला ती माहीत होती, मी गप्प बसले. मग कोऱ्या फळ्यावरचं पुढचं गणित आलं. त्यात तू तोंडाने 'सात आठे छप्पन्न' म्हणतेस आणि लिहितेस चोपन्न. खालच्या ओळीत पुन्हा छप्पन्न धरून पुढे जातेस. ही चूक मुद्दाम नाही. मुद्दाम केलेल्या चुकीला तू थांबतेस. इथे थांबली नाहीस, ते चोपन्न शेवटपर्यंत तसंच राहिलं. पाच शाळा, एक कंपनी, एक सिस्टर आणि जूनपासून तो धडा लावणारी तू स्वतः, कुणालाही दिसली नाही.

मला दिसली. आणि दिसली तेव्हा मी खोलीत एकटीच होते, मांडीवर मांजर, टेबलावर फोन. ग्रेटा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. म्हणाली, "बेनी टीचर, हात कशाला वर केलाय?"

मी खाली घेतला. पण बराच वेळ वर असावा, दंड दुखत होता.

पाकिटात दाणे आहेत. घोटभर नारळाच्या रसात घालून घे.

ते चोपन्न सुधार. आणि सुधारताना बोलू नकोस.

मावशी